रिकामी बाटली कुणाच्या हातात जाते?

आरोग्याच्या पानावर या वेळी डबे-बाटल्यांचा विषय का घेतला, असं वाचताना मनात येईल. बीपी, शुगर, बाळंतपण, लसीकरण हे आरोग्याचे विषय. रिकाम्या बाटल्या म्हणजे भंगार. पण वस्तीत काम करताना जी दुखणी मला पुन्हा पुन्हा दिसतात, त्यांतल्या चार-पाचांचा माग काढत गेलं की शेवटी एखादी रिकामी बाटली हाताला लागते. छपरावर पडलेल्या डब्यातल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवलेलं थिनर लेकरू पाणी समजून पितं. बंबात घातलेल्या प्लास्टिकच्या धुराने आजीचा दमा उसळतो. आणि कचऱ्यात टाकलेल्या बाटलीतली सुई कचरा वेचणाऱ्या बाईच्या बोटात घुसते. ती बाई पुष्कळदा आपल्याच गल्लीतली असते, आणि म्हणूनच हा विषय आपल्या पानावर यायला हवा.

माता-भगिनींनो, एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते. प्लास्टिकवर भाषण द्यायला येणारे लोक वस्तीला दोष देऊन मोकळे होतात. मला ते पटत नाही. आपल्या घरात वस्तू जेवढी वापरली जाते तेवढी मोठ्या सोसायटीत वापरली जात नाही. श्रीखंडाचा डबा डाळीला, डाळीचा डबा पुढे दोऱ्या-सुयांना, तो फुटला की कुंडीला. रोजची मजुरी रोज येते म्हणून शॅम्पूची एक रुपयाची पुडी घ्यावी लागते, मोठी बाटली परवडत नाही. त्या पुडीचं शेवटी काय करायचं, याची जबाबदारी ती बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपनीवर आहे. २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत ती तशी घातलेलीच आहे. आपल्या हातात जेवढं आहे, तेवढ्यापुरतं आज बोलू.

बाटली घरातून निघाल्यावर

घंटागाडी आपल्या गल्लीत आत येत नाही. कचरा कोपऱ्यावरच्या कुंडीत जातो, किंवा कुणी ताई दारात येऊन नेते. तिथून बाटली वेचली जाते, गल्लीतल्या भंगाराच्या दुकानात वजनावर विकली जाते, तिथून मोठ्या व्यापाऱ्याकडे आणि मग कारखान्यात. मुंबईत धारावीचं तेरा कंपाउंड या कामासाठी ओळखलं जातं. तिथे प्लास्टिक जातीनुसार आणि रंगानुसार हातांनी वेगळं केलं जातं. मग यंत्रात त्याचे तुकडे होतात, तुकडे धुतात, वाळवतात, वितळवतात आणि त्याचा दाणा पाडतात. हा दाणा विकत घेऊन दुसरा कारखाना त्याची बादली, खुर्ची, पाइप किंवा चटई बनवतो. पाण्याच्या बाटलीचं जे प्लास्टिक असतं त्याचा धागा निघतो. उशीत, गादीत, ब्लँकेटमध्ये भरतात तो पॉलिस्टर कापूस पुष्कळदा या बाटल्यांचाच असतो.

या सगळ्या वाटेवर यंत्र फार थोड्या ठिकाणी आहे. निवडणं हे हातांचंच काम. कसलेला कामगार डबा वाजवून आवाजावरून ओळखतो, वाकवून बघतो, कळलंच नाही तर कडेला काडी लावून धुराच्या वासावरून ठरवतो. म्हणजे आपण काय टाकतो ते कुणाच्या तरी बोटांतून, नाकातून आणि छातीतून जातं.

ती बोटं कुणाची, हे आपल्या समाजाला सांगायला नको. बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढायची आणि गावकीची हलकी ठरवलेली कामं सोडायला सांगितली. आपली माणसं शहरात आली, पण शहरात कचऱ्याच्या ढिगावर वाकलेल्या बायका बघितल्या तर त्यांत दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त आणि गरीब मुस्लिम घरांतल्याच जास्त दिसतात. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. या बायकांनी ओळखपत्र मिळवलं आणि आपण घाण करत नाही, शहराचं काम करतो, हे महापालिकेला मान्य करायला लावलं. पुढे २००८ मध्ये याच कष्टकऱ्यांच्या मालकीच्या 'स्वच्छ' संस्थेने पुण्यात दारोदार कचरा गोळा करण्याचं काम महापालिकेशी करार करून सुरू केलं. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेनेही कचरा वेचणाऱ्या बायकांना प्रशिक्षण आणि गटाचं बळ दिलं. या सगळ्या बायकांचं एकच सांगणं असतं: ओला आणि सुका वेगळा द्या. ओल्यात कालवलेली बाटली उचलायला त्रास होतो आणि तिला भावही कमी मिळतो. कधी ती घेतलीच जात नाही आणि डम्पिंगवर जाते. मुंबईतलं देवनारचं डम्पिंग १९२७ पासून भरतंय. जानेवारी २०१६ मध्ये तिथे आग लागली तेव्हा धूर कित्येक दिवस आसपासच्या वस्त्यांवर होता. बंगल्यांचा कचरा, धूर मात्र झोपड्यांना.

तळाशी त्रिकोण असतो तो बघा

डबा उलटा केला की तळाशी तीन बाणांचा त्रिकोण दिसतो आणि आत १ ते ७ यांतला एक आकडा. हे आकडे अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाने १९८८ साली सुरू केले. त्याबद्दल आपल्याकडे बरेच गैरसमज आहेत. 'पाच आकडा म्हणजे पाच वेळा वापरायचा' असं मला एका शिकलेल्या भावानेही सांगितलं. तसं काही नाही. आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो. त्रिकोण आहे म्हणून ती वस्तू नक्की पुन्हा वापरात येईल, असाही त्याचा अर्थ नाही.

१ म्हणजे पाण्याची, थंड पेयाची, बहुतेक खाण्याच्या तेलाची पारदर्शक बाटली. भंगारात हिला चांगली मागणी. २ म्हणजे जाड, दुधाळ किंवा रंगीत, दाबली तर जरा चिवट: शॅम्पूची बाटली, संडास साफ करायच्या औषधाची बाटली, तेलाचा मोठा कॅन, पाण्याचे निळे पिंप. हीही सहज विकली जाते. ४ म्हणजे दुधाची पिशवी आणि मऊ पन्नी. ५ म्हणजे आइस्क्रीमचा, श्रीखंडाचा, हॉटेलातून पार्सल येतं तो डबा, आणि बरीचशी झाकणं. तोही विकला जातो, पण काळ्या डब्याला भाव कमी, कारण काळा रंग दुसऱ्या कुठल्या रंगात जात नाही. त्याची पुन्हा काळीच वस्तू होते.

३ म्हणजे पीव्हीसी. घरात हे पाइपच्या तुकड्यात, वायरच्या आवरणात, रेक्झिनमध्ये, काही रेनकोटात असतं. हे पाण्याच्या बाटल्यांत मिसळू नका, थोडंसं पीव्हीसीही बाटल्यांचा सगळा लॉट खराब करतं. ६ म्हणजे थर्माकोल आणि कडकन मोडणारे कप-प्लेट. थर्माकोल हवेने फुगलेलं, पोतं भरलं तरी वजन नाही, म्हणून भंगारवाला हात लावत नाही. ७ म्हणजे बाकी सगळं. पाण्याचे वीस लिटरचे कडक, निळसर जार बऱ्याचदा यात येतात.

सगळे आकडे पाठ करायची गरज नाही. १, २, ४ आणि ५ हे भंगारात जातात, एवढं घरातल्या मुलांना शिकवा. तेच शोधतील, आणि तुमच्यापेक्षा लवकर शोधतील.

चिप्सच्या पाकिटाला, गुटख्याच्या पुडीला, शॅम्पूच्या पुडीला आत चांदी दिसते ना, ती प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते वेगळे करता येत नाहीत, म्हणून भंगारात त्याला किंमत नाही. ही पाकिटं एका पिशवीत कोंबून सुक्या कचऱ्यात द्या, पण बाटल्यांच्या पोत्यात घालू नका. टूथपेस्टची नळी, ओली झालेली पुठ्ठ्याची ज्यूसची डबी, यांचीही तीच गत.

पाणी तासभर येतं, मग बाटली धुवायची कशाने?

हा प्रश्न मला प्रत्येक बैठकीत विचारतात आणि तो अगदी रास्त आहे. हंड्याने पाणी भरणारी बाई भंगारात द्यायची बाटली चांगल्या पाण्याने कशी धुणार? धुऊ नयेच. भांडी घासून झाल्यावर शेवटच्या खळबळीचं पाणी उरतं, तांदूळ धुतलेलं पाणी उरतं, ते वापरा. बाटलीत दोन-तीन चमचे पाणी घाला, झाकण लावा, खळखळून हलवा आणि ओता. एवढंच. आरशासारखी चकचकीत करायची नाही. आत अन्न, साय, चिकट रस राहता कामा नये, कारण तो कुजतो, त्यावर माश्या आणि उंदीर येतात, आणि बरोबरचा कागदही खराब होतो.

दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून वेगळा करू नका. तो कपटा कुणीच वेचत नाही, तो गटारात जातो. बाजूला चीर द्या, तुकडा पिशवीलाच लटकत राहू द्या. थोडं पाणी घालून हलवलं की ते चहाला वापरता येतं, दूधही वाया जात नाही. मग पिशवी खिळ्याला उलटी अडकवा, संध्याकाळपर्यंत वाळते. महिन्याभराच्या पिशव्यांचा गठ्ठा एकदम दिला तर भंगारवाला घेतो, एक-दोन नेल्या तर नाही म्हणतो.

तेलाची बाटली रात्रभर भांड्यावर उलटी ठेवा, उरलेलं तेल निथळतं. मग जुन्या वर्तमानपत्राचा बोळा आत फिरवा किंवा चिमूटभर राख घालून खळबळा. लेबल सोलत बसू नका, कारखान्यात धुताना ते निघतं.

संडास साफ करायच्या ॲसिडची किंवा फिनेलची बाटली संडासातच विसळा. पण एक खबरदारी पाळा. ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर एकाच वेळी, एकाच जागी कधीही ओतू नका. दोन्ही मिळून क्लोरीन वायू सुटतो, आणि छोट्या बंद संडासात तो छातीला लागला तर माणूस गुदमरतो. एक बाटली आज, दुसरी उद्या.

पाण्याची बाटली विसळून झाली की दाबून चपटी करा आणि झाकण लावून टाका. याचे तीन फायदे. पोत्यात जास्त बाटल्या मावतात, पावसाचं पाणी आत साचत नाही, आणि कुणी तीच बाटली उचलून नळाचं पाणी भरून स्टँडवर विकू शकत नाही. झाकण दुसऱ्या जातीच्या प्लास्टिकचं असतं खरं, पण ते भंगारवाला वेगळं करून घेतो. सुटं राहिलं तर गटारातच जाणार.

घरात ठेवायचा डबा कोणता आणि द्यायचा कोणता

आधी धोक्याचं सांगते. थिनर, टर्पेंटाइन, फिनेल, ॲसिड, उंदीर मारायचं औषध, आणि ज्यांच्याकडे अजून असेल त्यांनी रॉकेल, यांतलं काहीही पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत ठेवू नये. बाटलीला लाल चिंधी बांधली, वर 'विष' लिहिलं, तरी दोन वर्षांच्या मुलाला ते वाचता येत नाही. त्याने ती बाटली आईच्या हातात, तोंडाला लागलेली बघितली आहे. वॉर्डात मी अशी मुलं बघितली आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी आई हेच सांगायची की आजच तेवढी खाली राहिली होती. ज्या डब्यात विकत आणलं त्याच डब्यात ठेवा, आणि डबा फळीवर वर.

समजा मुलाने असं काही घोटलं, तर उलटी करवू नका. मिठाचं पाणी पाजणं, घशात बोट घालणं, हे आपल्याकडे हमखास केलं जातं आणि त्यानेच नुकसान वाढतं. थिनर, रॉकेल उलटीबरोबर फुप्फुसात शिरतं आणि न्यूमोनिया होतो. ॲसिड गिळताना एकदा जाळतं, वर येताना दुसऱ्यांदा जाळतं. तोंड पाण्याने पुसून घ्या, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने थेट मोठ्या सरकारी दवाखान्यात जा. निघताना ती बाटली बरोबर घ्या. काय प्यायलं हे डॉक्टरांना बाटलीवरून लगेच कळतं.

आता पिंपाबद्दल. पाण्यासाठी निळं पिंप वस्तीत घरोघरी आहे. पण बाजारात स्वस्तात मिळतात ती बरीचशी पिंपं केमिकल कंपनीतून आलेली असतात. आत काय होतं हे विकणारा सांगत नाही. प्लास्टिक थोडंफार शोषून घेतं, त्यामुळे कितीही घासलं तरी ते पूर्ण जात नाही. वास येत असेल, आत डाग असेल, बाहेर धोक्याच्या खुणेचं लेबल असेल किंवा लेबल खरवडून काढल्याचं दिसत असेल, तर पिण्याच्या पाण्यासाठी घेऊ नका. असं पिंप घरात आधीच असेल तर ते धुण्या-पुसण्याच्या पाण्याला लावा, आणि प्यायचं पाणी स्टीलच्या टाकीत किंवा माठात ठेवा.

गावाकडे शेतमजुरी करणाऱ्या आपल्या लोकांसाठी हेच आणखी जोर देऊन सांगावं लागेल. फवारणीच्या औषधाचा डबा घरी आणू नका. पाणी नको, धान्य नको, संडासाला न्यायलाही नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. हे औषध कातडीतूनसुद्धा अंगात जातं. रिकामा डबा तीन वेळा विसळायचा, ते पाणी फवाऱ्याच्या टाकीतच ओतायचं, आणि डब्याला भोकं पाडून मालकाच्या ताब्यात द्यायचा. डब्याची विल्हेवाट लावणं मालकाचं काम आहे, ते मजुराच्या बाईच्या अंगावर ढकलू देऊ नका.

खाण्याचे डबे वापरायला हरकत नाही. आइस्क्रीम-श्रीखंडाच्या डब्यात डाळ, तिखट, शेंगदाणे, कोरडं काहीही ठेवा. गरम आमटी, गरम तेल मात्र ओतू नका. तापलं की प्लास्टिकमधली रसायनं अन्नात उतरायचं प्रमाण वाढतं. एकदा खाल्लं म्हणून लगेच कॅन्सर होतो असं काही नाही, उगाच घाबरू नका. पण रोज कामावर जाणारा डबा स्टीलचाच हवा, आणि टपरीवरचा चहा पातळ पन्नीत बांधून आणायची सवय मोडायला हवी. पाण्याची बाटली पुन्हा वापरायची तर आत चरे पडले, घाण वास आला, तळ हिरवट झाला की भंगारात द्या. तिचं तोंड अरुंद, ब्रश आत जात नाही, आणि जंतू चऱ्यांत बसतात. लहान मुलांचे जुलाब पुन्हा पुन्हा होत असतील तर शाळेच्या बाटलीचा वास घेऊन बघा.

जाळणं

अंघोळीचा बंब पेटवायला प्लास्टिक घालणारी घरं मला अजून दिसतात. लाकूड महाग, प्लास्टिक फुकट आणि भकाभका पेटतं. थंडीत शेकोटीतही तेच. कारण समजतं, पण किंमत छातीला मोजावी लागते. प्लास्टिकच्या धुरात काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड असतो. पीव्हीसी जळलं तर हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ निघते, जी घशाला आणि डोळ्यांना झोंबते. शिवाय डायॉक्सिन तयार होतं. हे अंगातल्या चरबीत वर्षानुवर्षं राहतं आणि कॅन्सरला कारण ठरतं. वायर जाळून तांबं काढणारी मुलं हेच हुंगतात. घरात दमेकरी, टीबीचा पेशंट, गरोदर बाई किंवा तान्हं मूल असेल तर हा धूर अजिबात नको.

उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये देशभर बंदी घातली आणि साध्या प्रकरणात पाच हजार रुपये दंड ठरवला. हे मी दंडाची भीती घालायला सांगत नाही. कोपऱ्यावरची कुंडी सफाईवालेच पेटवत असतील, तर वॉर्ड ऑफिसला लेखी तक्रार करताना हा आदेश आपल्या कामाला येतो. तक्रारीची पोच घ्यायला विसरू नका.

भंगार साठवताना डास पाळू नका

भंगारवाला रोज येत नाही. पंधरा दिवस, महिना पोतं घरामागे किंवा पत्र्यावर पडून राहतं. पावसाळ्यात हाच डेंग्यूचा पाळणा. डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, त्याला बाटलीचं एक झाकणभर पाणीही पुरतं. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आरोग्य खातं आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळा म्हणतं. ही अंडी पाण्याच्या कडेला भांड्याच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. त्यामुळे पिंपातलं पाणी नुसतं ओतून भागत नाही, आतली बाजू काथ्याने किंवा ब्रशने घासावी लागते.

भंगाराचं पोतं छताखाली ठेवा, डबे उलटे, तोंड बांधलेलं. पत्रा उडू नये म्हणून वर टायर, फुटकी बादली, डबे ठेवतो, त्यांत पाणी साचतं. त्याऐवजी विटा ठेवा. उंदीर पोत्यात शिरत असेल तर समजा कुठला तरी डबा न विसळता गेला आहे. उंदराच्या लघवीतून लेप्टो होतो. पाऊस तुंबलेल्या गल्लीतून पायाला जखम असताना चाललं, त्यानंतर ताप आला आणि पोटऱ्या दुखू लागल्या, तर दुखणं अंगावर काढू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी

१४ एप्रिलला ऊन मी म्हणतं. मिरवणुकीत पाणी, सरबत, ताक वाटलं जातं आणि ते वाटायलाच हवं. दुसऱ्या दिवशी गल्लीत ग्लासांचा खच पडतो आणि तो उचलायला येणाऱ्या सफाई कामगारांत आपलेच भाऊ असतात, ज्यांनी आदल्या रात्री मिरवणुकीत नाचून पाय दुखवून घेतलेले असतात. एकदाच वापरायचे प्लास्टिकचे ग्लास, प्लेट, चमचे यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. आपल्या राज्यात तर मार्च २०१८ पासूनच ते बंद झाले होते. मंडळाने स्टीलचे शंभर-दोनशे ग्लास एकदा घेतले की ते वर्षानुवर्षं पुरतात. विहारात, लग्नात, जलदान विधीला, सगळीकडे तेच कामाला येतात. पाण्याच्या बाटल्या वाटल्याच तर स्टॉलशेजारी दोन पोती उघडी बांधा, एक बाटल्यांना, एक बाकीच्या कचऱ्याला, आणि तिथे दोन मुलं उभी करा. मुलं उभी नसतील तर पोती तशीच रिकामी राहतात, हा अनुभव आहे.

काही ठिकाणी महिला मंडळं पौर्णिमेला विहाराच्या आवारात सुकं प्लास्टिक एकत्र करतात आणि भंगारवाल्याला एकदम देतात. एकेका घराचं दोन-चार रुपयांचं भंगार कुणी मोजत नाही, पण चाळीस घरांचं एकत्र झालं तर वजन भरतं आणि भावही बोलता येतो. वस्तीत कचरा वेचणारी ताई असेल तर मात्र आधी तिला विचारा. तिच्या रोजीवर पाय देऊन मंडळाचा निधी उभा करायचा नाही. उलट सगळ्यांनी विसळून, सुकवून तिलाच दिलं तर तिचा तासन् तास ढिगात वाकण्याचा वेळ वाचतो.

सुई, ब्लेड आणि पॅड

हे शेवटी ठेवलं, पण महत्त्वाने सगळ्यात वर आहे. शुगरचं इन्सुलिन घरी घेणारे पेशंट वस्तीत वाढले आहेत. सुई टोचून झाली की ती पिशवीत किंवा पाण्याच्या पातळ बाटलीत टाकतात. बाटली दाबली की सुई बाहेर येते आणि ती दाबणारा हात वेचणाऱ्या बाईचा असतो. वापरलेल्या सुया, शुगर तपासायची टोचणी आणि दाढीची पाती शॅम्पूच्या किंवा फिनेलच्या जाड बाटलीत जमा करा. झाकण घट्ट लावा, वर चिकटपट्टी गुंडाळा, लाल खूण करा. ही बाटली भंगारात कधीच द्यायची नाही. जवळच्या सरकारी दवाखान्यात किंवा आरोग्य केंद्रात घेतात का विचारा, नाहीतर कचरा नेणाऱ्यांच्या हातात 'यात सुया आहेत' असं तोंडाने सांगून वेगळी द्या. घरातला असा धोक्याचा कचरा ओल्या-सुक्यापासून वेगळा द्यायचा, हे २०१६ च्या घनकचरा नियमांतही सांगितलं होतं. पॅड आणि लहान मुलांचं डायपर कागदात गुंडाळून, वर खूण करून वेगळं द्या. ते बाटलीत किंवा डब्यात कोंबू नका. वेचणारी बाई किंमत बघून डबा उघडते.

कचरा वेचणाऱ्या, सफाई करणाऱ्या प्रत्येकाने धनुर्वाताचं इंजेक्शन आणि हिपॅटायटीस बीची लस घेतलेली असावी. हिपॅटायटीस बीचे तीन डोस असतात: पहिला, मग एक महिन्याने, मग पहिल्यापासून सहा महिन्यांनी. दोन घेऊन तिसरा राहिला असं फार वेळा होतं. तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

सुई टोचलीच तर बोट पिळू नका, तोंडात घालून चोखू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि लगेच सरकारी दवाखान्यात जा. तिथे एचआयव्हीपासून बचावाच्या गोळ्या मिळतात. त्या पहिल्या काही तासांत सुरू केल्या तर उत्तम, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. केसपेपर काढणाऱ्या खिडकीवर 'कचऱ्यातली सुई टोचली आहे' असंच सांगा. नुसतं 'बोटाला लागलं' म्हणालात तर पट्टी बांधून घरी पाठवतील.